गोचिडीवर निंबोळी आणि सीताफळ बियांचा अर्क: प्रकल्प नोंदी

४ जून

विषय पक्का झाला. गुरांच्या गोचिडीवर झाडपाल्याचा अर्क चालतो का हा प्रश्न तसा जुनाच आहे, पण आम्हाला बघायचंय ते वेगळं, म्हणजे तो नक्की कुठे चालतो. गोचीड मरते का, की मरत नाही पण अंडी कमी घालते, की अंडी घालते पण त्यातून पिल्लंच निघत नाहीत. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या असं मॅडमनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं आणि मला ते एकदम पटलं, कारण बहुतेक ठिकाणी "२४ तासात किती मेल्या" एवढंच बघून अर्क पास किंवा नापास करून टाकतात.

रासायनिक औषधांचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन तेच तेच मारत राहिलं की ज्या गोचिडी त्यातून वाचतात त्यांचीच पिलावळ वाढत जाते, मग फवारून काही होत नाही म्हणून माणूस डोस वाढवतो आणि प्रकरण अजून बिघडतं. आयव्हरमेक्टिन दुधात उतरतं म्हणून दुभत्या जनावराला नको. आणि गोचीड नुसतं रक्त पिऊन जात नाही, बबेसिया, थायलेरिया, अनाप्लाझ्मा असले आजार देऊन जाते, लाल लघवी आणि चढलेला ताप ज्यांनी गोठ्यात बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यादीत करंज, निर्गुडी, वेखंड, गवती चहा, तंबाखू असं बरंच काही होतं. शेवटी दोनच ठेवले, निंबोळी आणि सीताफळाच्या बिया. तंबाखू मी आधीच काढायला लावला. निकोटीनने गोचीड मरते हे खरं, पण ते कातडीतून जनावराच्या अंगात जातं आणि फवारणाऱ्या माणसाच्याही जातं, मात्रा थोडी इकडे तिकडे झाली की जनावर लाळ गाळतं, थरथरतं, आणि दगावूही शकतं. नैसर्गिक म्हणजे सेफ असं डोक्यात ठेवून या कामात कुणी उतरूच नये.

५ जून

अर्क लावायला घेतले. निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या होत्या, बुरशी लागलेल्या सगळ्या निवडून बाजूला काढल्या, टरफल फोडून आतला गर तेवढा घेतला कारण अझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबातलं मुख्य काम करणारं द्रव्य, सगळ्यात जास्त त्या गरातच असतं. जाडसर भरड केली आणि इथेनॉलमध्ये घालून बाटली काळ्या कागदात गुंडाळून शेकरवर ठेवली.

सीताफळ बिया दळताना मात्र गॉगल, मास्क, ग्लोव्हज सगळं घालून आणि दार लावून काम केलं. या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला खरंच इजा होते, नुसती चुरचुर होऊन थांबत नाही. जोडीदार म्हणाला एवढं कशाला, मिक्सरच तर फिरवायचाय, तर त्याला आधी माहिती वाचायला दिली आणि मग मिक्सरला हात लावू दिला.

पाण्यातला अर्क पण सोबत केलाय, कारण गोठ्यावर कुणाकडे इथेनॉल नसतं. सीताफळाचं पाण्यात फार काही उतरेल असं वाटत नाही, त्यातली गोचीड मारणारी द्रव्यं, अ‍ॅसिटोजेनिन, तेलकट स्वभावाची, पाण्यात विरघळायला मागत नाहीत. तरी तुलनेला हवा.

८ जून

गाळून झालं. फडक्यातून, मग फिल्टर पेपरमधून, आणि मग रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० डिग्रीच्या खालीच ठेवून इथेनॉल उडवलं. उष्णतेने अझाडिरॅक्टिन मोडतं म्हणून घाई करून तापमान वाढवायचं नाही. खाली उरला तो चिकट गोळा, वजन करून गडद बाटलीत, फ्रीजमध्ये.

इथे एक गोष्ट नीट लिहून ठेवतो कारण यावरूनच सगळा घोळ होतो. "५ टक्के अर्क" म्हणजे काय? शेतात फवारतात तो ५ टक्के निंबोळी अर्क म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम गर. लॅबवाला जेव्हा ५ टक्के म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला लिटरला ५० ग्रॅम सुका अर्क म्हणायचं असतं. समजा गरातून वजनाच्या १० टक्के सुका अर्क निघाला, तर तेवढ्या ५० ग्रॅमसाठी अर्धा किलो गर लागला, म्हणजे आकडा तोच आणि औषध दहापट. मग लॅबमध्ये जोरदार रिझल्ट येतो आणि गोठ्यावर कुणी ५० ग्रॅम गर भिजवून मारलं की म्हणतो हे सगळं थोतांड आहे. आमच्या वहीत प्रत्येक डोससमोर मूळ बी किती ग्रॅम तेही लिहायचं, हे आजपासून फिक्स.

९ जून

पहाटे गोठ्यावर. मायक्रोप्लस जातीची मादी रक्त पिऊन भरली की बहुतेक सकाळीच गळून पडते, त्यामुळे उजाडायच्या सुमाराला गेलं की हव्या तशा मिळतात. कासेच्या आजूबाजूला, मांडीच्या आत, शेपटीखाली, गळ्याच्या पोळीला, कानामागे. काका एका गाईच्या मांडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आजच पडणार बघ, रंग बदललाय तिचा", आणि खरंच हात लावल्या लावल्या सुटून आली, एरंडीच्या बीसारखी टपोरी, राखाडी, पाय पुढे कोपऱ्यात इतके बारीक की शोधावे लागतात.

ग्लोव्हजशिवाय कुणीही गोचीड उचलायची नाही आणि नखाने चिरडायची तर अजिबातच नाही. हायलोमा जातीची गोचीड क्रायमियन काँगो तापाचा विषाणू बाळगू शकते आणि चिरडताना तो माणसाला लागतो. काका आयुष्यभर दगडाने आणि नखाने चिरडत आलेत, त्यांना हे समजावून सांगितलं, आता त्यांच्याकडे झाकणाची बाटली दिलीये साबणाच्या पाण्याची.

लॅबमध्ये येऊन पहिलं काम भिंगाखाली जाती वेगळ्या करणं. पायावर फिकट पट्टे आणि तोंड लांब दिसलं की हायलोमा, ती बाजूला. मायक्रोप्लसचं तोंड आखूड. हे वेगळं करणं गरजेचं आहे कारण दोघींचं जगणंच वेगळं, मायक्रोप्लस पिल्लू म्हणून एकदा जनावरावर चढली की दोन्ही वेळा कात तिथेच टाकून साधारण तीन आठवड्यांनी मोठी होऊनच उतरते, हायलोमा मधेच उतरून फटीत जाऊन कात टाकते आणि परत दुसऱ्या जनावरावर चढते. दोन्ही एका डिशमध्ये मिसळल्या तर येणाऱ्या आकड्याला अर्थ राहत नाही.

मग अ‍ॅडल्ट इमर्शन टेस्ट, म्हणजे मोठ्या माद्या अर्कात बुडवून बघायची चाचणी. साधारण सारख्या वजनाच्या दहा दहा माद्यांचे गट, प्रत्येक डोसला तीन गट, वजन करायचं, दोन मिनिटं द्रावणात बुडवायचं, टिपकागदावर सुकवायचं आणि डिशमध्ये ठेवायचं. कंट्रोल, म्हणजे अर्क न लावलेले तुलनेचे गट, दोन, एक साध्या पाण्याचा आणि एक अर्क ज्यात विरघळवला त्याच द्रावणाचा, फक्त अर्काशिवाय. हा दुसरा कंट्रोल लोक टाळतात आणि मग इथेनॉलने किंवा ट्वीन ८० ने (अर्क पाण्यात मिसळायला घालतात ते रसायन) जे झालं ते झाडाच्या नावावर जमा होतं. डिशेस २८ डिग्रीला, खाली पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं म्हणजे हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या आसपास आपोआप टिकतो.

१० जून

सीताफळ इथेनॉल अर्काच्या वरच्या डोसला बऱ्याच माद्या गेलेल्या. अ‍ॅसिटोजेनिन पेशीतली ऊर्जा तयार करणारी साखळी पहिल्याच टप्प्यावर अडवतात त्यामुळे परिणाम लवकर दिसतो. सीताफळाचा पाण्यातला अर्क जवळजवळ कंट्रोलसारखाच.

निंबोळीच्या डिशमध्ये सगळ्या जिवंत. जोडीदाराचा चेहरा उतरला. मी म्हटलं थांब जरा, अझाडिरॅक्टिन मारणारं विष म्हणून काम करतच नाही, ते हार्मोनच्या कारभारात ढवळाढवळ करतं.

मेली की नाही ठरवायला नुसता पाय हलतोय का हे पुरत नाही, भरलेली मादी तशीही सुस्त पडून असते. पोटाच्या कातडीतून भिंगाखाली आतल्या मालपिघी नळ्यांची (शरीरातली घाण बाहेर टाकणाऱ्या नळ्या) हालचाल दिसते, ती थांबली आणि रंग काळवंडला तरच मेली असं धरतोय.

१४ जून

आज बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसलो होतो. कंट्रोलमधली मादी अंडी कशी घालते हे बघण्यासारखं आहे. ती तोंड खाली वळवते, डोक्याच्या वरून एक मऊ पांढरट पिशवीसारखा अवयव बाहेर येतो, त्याला जेनेचा अवयव म्हणतात, तो त्या अंड्याला धरतो, मेणाचा थर चोपडतो आणि अंडं वरच्या बाजूला सरकवून देतो, की परत पुढचं. हे असं एकेक करून दोन ते तीन हजार अंडी. मेण आहे म्हणूनच ती अंडी कोरड्या जमिनीतही सुकत नाहीत, आणि तेवढ्यामुळेच ती चमकदार तपकिरी दिसतात आणि एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो.

निंबोळीच्या डिशमध्ये माद्या जिवंत आहेत पण अंडी उशिरा सुरू झालीत आणि काहींची अंडी निस्तेज, सुटी सुटी, काही तर खोलगट होऊन सुकलेली. त्यांच्यात मेणाचं काम नीट होत नाहीये की अंडंच आतून कमजोर बनतंय हे आमच्या भिंगावरून सांगता येणार नाही. पण फरक डोळ्याला दिसतोय.

२३ जून

बुडवल्याला १४ दिवस झाले, अंड्यांची वजनं केली. हिशोब असा, अंड्यांचं वजन भागिले माद्यांचं सुरुवातीचं वजन, हा झाला प्रजनन निर्देशांक. चांगली मादी आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास अंडी घालते. समजा कंट्रोलच्या २ ग्रॅम माद्यांनी १ ग्रॅम अंडी दिली तर ०.५, अर्कवाल्या २ ग्रॅम माद्यांनी ०.४ ग्रॅम दिली तर ०.२, म्हणजे अंडी घालणं ६० टक्के घटलं. इथेच थांबलं तर अर्क मध्यम दिसतो. पण त्या अंड्यातून निघणारी पिल्लं पण धरली, समजा कंट्रोलची ९० टक्के फुटली आणि अर्काची ३० टक्केच, तर पुढची पिढी ८७ टक्क्यांच्या आसपास कमी झाली. एक ग्रॅममध्ये २०,००० अंडी धरतात, त्यावरून पिल्लांचा अंदाजही काढता येतो. आमचे खरे आकडे तक्त्यात आहेत, इथे फक्त रीत लिहिली.

१८ जुलै

फुटायची ती सगळी अंडी फुटली. कंट्रोलच्या कुपीत कापसाच्या बोळ्यापाशी लालसर पिल्लांचा थर साचलाय, निंबोळीच्या कुपीत तळाशी अंडी तशीच सुकून पडलीत, थोडीच पिल्लं आहेत. २४ तासाच्या निकालावर विसंबलो असतो तर आजचं हे कधी समोरच आलं नसतं. मॅडमना फोटो पाठवले.

सीताफळाच्या ज्या माद्या वाचल्या होत्या त्यांची अंडी कमी, पण जी घातली त्यातली बरीचशी फुटली. म्हणजे दोन्ही अर्कांची चाल एकदम वेगळी आहे.

३ ऑगस्ट

लार्व्हल पॅकेट टेस्ट, म्हणजे पिल्लांवरची पाकिटातली चाचणी. पिल्लं दोन ते तीन आठवड्यांची झाली की घ्यायची, अगदी ताजी किंवा फार जुनी घेतली तर आपोआपच मरतात. फिल्टर पेपरला अर्क लावून सुकवायचा, पाकीट दुमडायचं, शंभरेक पिल्लं ब्रशने आत सोडायची आणि क्लिप लावायची. २४ तासांनी उघडायचं.

मोजताना आधी पाकिटावर हलकी फुंकर मारतो. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने जिवंत पिल्लं ताबडतोब उठून चालायला लागतात, त्यांना वाटतं जनावर आलं. जे चालू शकतं ते जिवंत, नुसते पाय हलवणारं मेलेल्यात धरायचं.

कंट्रोलमध्येही थोडी मरतातच, ते वजा करायला अ‍ॅबटचं सूत्र, १९२५ पासून सगळे तेच वापरतात. कंट्रोलला १० टक्के मेली आणि अर्काला ५५, तर ४५ भागिले ९०, म्हणजे अर्काचे खरे ५० टक्के.

९ ऑगस्ट

ऊन आणि साबण, दोन्हीची छोटी चाचणी.

निंबोळी अर्काची एक बाटली पारदर्शक, उन्हात. दुसरी गडद, आत. काही दिवसांनी दोन्ही त्याच पद्धतीने माद्यांवर लावले तर उन्हातल्याचा जोर स्पष्ट कमी. अझाडिरॅक्टिनचा रेणू फार गुंतागुंतीचा आहे, तो वेगळा काढला १९६८ मध्ये आणि लॅबमध्ये सुरुवातीपासून बनवून दाखवायला २००७ उजाडलं, आणि एवढं करून प्रकाशात तो सहज मोडतो. त्यामुळे दुपारच्या उन्हात फवारणी करणं म्हणजे अर्क वाया घालवणं. संध्याकाळी मारायची.

साबणाचं असं की तेल पाण्यात मिसळायला काहीतरी लागतंच, पण कपड्याचा साबण अल्कलीवाला असतो आणि अझाडिरॅक्टिन टिकतं ते किंचित आंबट पाण्यात, सामू ४ ते ६ च्या दरम्यान. साबण घालून बनवून ठेवलेलं द्रावण रात्रभर राहिलं तर उपयोग नाही. मिसळलं की लगेच वापरायचं, उरलेलं ठेवायचं नाही.

२२ ऑगस्ट

जनावरांवर करायची परवानगी आली. डॉक्टर साहेबांनी स्वतः येऊन जनावरं तपासली, गाभण आणि लहान वासरं बाहेर काढली, अंगावर जखमा असलेली पण नाही घेतली.

फक्त निंबोळी वापरायची असं ठरलं. सीताफळ लॅबमध्ये जोरात चाललं हे खरंय आणि जोडीदाराला ते घ्यायचंच होतं, पण डोक्याजवळ फवारताना एक शिंतोडा डोळ्यात गेला तर काय, आणि जनावर अंग चाटतं, ते पोटात जाणार. शिवाय माशांना ते विषारी आहे, गोठ्याचं पाणी वाहत ओढ्याला गेलं तर तिथे नुकसान. मला यात तडजोड नको होती आणि डॉक्टर साहेब पण माझ्याच बाजूने बोलले.

आधी मानेजवळ तळहाताएवढ्या जागेवर लावून ठेवलंय, उद्या बघायचं लाल होतंय का, केस जातायत का.

२५ ऑगस्ट

कातडी व्यवस्थित. आज मोजणी आणि फवारणी.

मोजणी एकाच बाजूची करायची, ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या माद्या फक्त, आणि दुप्पट करायचं. सगळ्या बारीकसारीक मोजत बसलं तर दोन माणसांचे आकडे कधीच जुळत नाहीत. मोजणारा माणूस शेवटपर्यंत तोच ठेवायचा आणि कुठल्या जनावराला काय मारलंय ते त्याला सांगायचं नाही.

फवारणी संध्याकाळी, धार काढून झाल्यावर, म्हणजे वास दुधाला लागायचा प्रश्न नाही. केसांच्या उलट दिशेने, पोटाखाली, मांडीत, शेपटी उचलून, पूर्ण अंग भिजेपर्यंत. वरून पाठीवर फवारा उडवून काही होत नाही, गोचीड पाठीवर कमीच असते. कानात आणि डोळ्याजवळ फडकं भिजवून हाताने.

२६ ऑगस्ट

काका सकाळीच म्हणाले, "काय रे, आहेत की सगळ्या तशाच." आहेतच. त्यांना कुपीतली सुकलेली अंडी दाखवली आणि सांगितलं की आत्ता अंगाला चिकटलेल्या आहेत त्या रक्त पिऊन पडतीलच, पण त्यांची पुढची पिढी कमी होईल, आणि अंगावर ज्या बारीक आहेत त्यांना कात टाकायला जड जाईल. काका बराच वेळ कुपी उजेडात धरून बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे एकदा मारून भागायचं नाही." मला अख्ख्या प्रकल्पात हेच वाक्य लोकांपर्यंत पोचवायचं होतं.

८ सप्टेंबर

मधल्या मोजण्या तक्त्यात. मोठ्या माद्या कंट्रोलपेक्षा कमी आहेत, पण अंगावर नवीन पिल्लं चढलेली दिसतायत, मांडीच्या आत बोटाने केस मागे केले की खसखशीएवढे ठिपके. ही जनावराच्या अंगावर जन्मलेली नाहीत. अंगावर दिसतो तो गोचिडीच्या पसाऱ्याचा छोटा भाग, बाकीचा सगळा अंडी आणि उपाशी पिल्लं म्हणून गवतात, गव्हाणीच्या बुडाशी, भिंतीच्या फटीत असतो. आज बॅटरी घेऊन गव्हाणीमागची भेग बघितली तर आत अंड्यांचे गठ्ठे होतेच.

मग अंगावर कितीही चांगला अर्क मारा, रोज नवीन पिल्लं चढत राहणार.

११ सप्टेंबर

गोठा. आधी खरवडून साफ, शेण आणि कुजलेला चारा लांब नेऊन टाकला, मग फटी लिंपून बंद केल्या. फवारणीपेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे असं माझं मत झालंय, रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिणार. उरलेल्या भेगांमध्ये निंबोळी अर्क ब्रशने, जनावरं बाहेर बांधून. तिथे ऊन पोचत नाही म्हणून तो अंगावरच्यापेक्षा जास्त टिकेल असा अंदाज आहे.

६ ऑक्टोबर

शेवटची मोजणी झाली. गोठा साफ केल्यानंतर आणि फवारणी परत केल्यानंतर आकडा जो खाली आला तो खालीच राहिला, नुसत्या पहिल्या फवारणीनंतर मात्र तो परत चढत होता. कंट्रोलच्या जनावरांना डॉक्टर साहेबांनी सांगितलेलं नेहमीचं औषध आज देऊन टाकलं, त्यांना अजून तसं ठेवणं बरोबर नाही. एका संकरित गाईवर सगळ्यात जास्त गोचिडी होत्या आणि वशिंडवाल्या गाईवर सगळ्यात कमी, दोन्ही एकाच दावणीला, त्यामुळे पुढच्या वेळी गट पाडताना जात सारखी विभागायची.

काकांना कागदावर लिहून दिलं. चिकटल्यापासून गळेपर्यंत तीन आठवडे लागतात म्हणून त्याच्या आत फवारणी परत करायची, दहा-बारा दिवसांनी, आणि असं निदान तीनदा. गर ताजा भिजवायचा, संध्याकाळी मारायचा. ताप, लाल लघवी किंवा डोळ्याच्या आत फिकटपणा दिसला तर अर्काची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना बोलवायचं, कारण आजार एकदा रक्तात गेला की गोचीड मारून तो उतरत नाही.

बाकी राहिलेलं काम: हायलोमावर वेगळी टेस्ट, त्या जानेवारीपर्यंत जमतील तेवढ्या गोळा करायच्या. फटीतला अर्क किती दिवस टिकतो ते फिल्टर पेपरचे तुकडे फटीत ठेवून बघायचं, पहिले तुकडे उद्या लावतोय.